चतुःसीमेशिवाय उत्तर मिळणार नाही

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी डिपॉझिटची गोष्ट काढायच्या आधी माझ्याकडे हस्ताक्षराचा नमुना मागितला. मला वाटलं, करारासाठी सही हवी असेल. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि सांगितलं, "लिही. किल्ल्यावर पाणी किती दिवसांचे आहे ते कळवावे." मी मुकाट्यानं लिहिलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कागद आधी लांब धरला, मग नाकाजवळ धरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "हिला ठेवून घ्या." खोलीत पंखा आहे का, नळाला पाणी कधी येतं, हे माझं विचारायचं राहूनच गेलं. पंखा होता. पाणी आठवड्यातून एकदा यायचं.

तेव्हा मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडाचे सुटे भाग मापात बसतात की नाही ते बघायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसनं सिडकोत परत. मापातून सुटका व्हावी म्हणून घरी यावं, तर घरी हे घरमालक काका. काका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली होती. खिशात रुमाल नसला तर चालायचं, पण टेप असायचीच. मी राहायला गेले त्याच दिवशी त्यांनी माझ्या खोलीचा नकाशा काढून दारामागे चिकटवला. खाली चतुःसीमा लिहिल्या होत्या: उत्तरेस गच्चीचा जिना, पूर्वेस शेजाऱ्यांचा शेवगा, दक्षिणेस पाण्याची टाकी, पश्चिमेस रिकामी हवा. जमिनीच्या कागदावर चारी बाजूंना काय काय आहे ते लिहायची ही जुनी रीत. काकांचं म्हणणं असं, की ज्याला आपल्या चारी बाजूंना काय आहे ते सांगता येत नाही, तो माणूस हरवलेलाच समजावा.

'अंदाजे' हा शब्द त्या घरात शिवीच्या पंक्तीला बसायचा. भाजीवाल्यानं 'अंदाजे किलोभर' म्हटलं की काका त्याला उभा करून तराजूवर भाषण द्यायचे. "मोजल्याशिवाय बोलू नाय, आन मोजल्यावर भांडू नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "मी मीठ अंदाजेच टाकते. खाता की निमूट." काका टेप बाहेर काढून उगीच खिडकी मोजायला लागायचे.

आता ओवीबद्दल सांगते. ओवी म्हणजे त्यांची नात, तेव्हा तेरा वर्षांची. पाच वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन करायचंच थांबवतं आणि ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं, रोज, चुकता कामा नये. त्यामुळे त्या घरातलं मोजमाप हे नुसतं म्हाताऱ्याचं खूळ नव्हतं. ओवीच्या ताटातला भात वाटीनं मोजलेला, पोळी वजन केलेली, बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासलेली. दिवाळीत इतर पोरं शंकरपाळे मूठ भरून खायची, ओवी मोजून खायची. पण खायची हं. "साखर काय आपली दुश्मन हाय का? हिशेब चुकणं दुश्मन हाय," असं काका म्हणायचे. त्या घरात आजार होता, रडगाणं नव्हतं. हे मला पहिल्या महिन्यातच आवडून गेलं.

ओवीला मधुमेह झाला तेव्हा काकांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, का झाला? हे काकूंनी मला सांगितलं. डॉक्टर प्रामाणिक. ते म्हणाले, पुरतं अजून कुणालाच ठाऊक नाही, शोध चालू आहे. दुसरा आजोबा असता तर देवाला नवस बोलला असता. काका म्हणाले, "म्हणजे मोजणी अपुरी हाय." तिसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं, "मोजणीदार एकटा काय बी करू शकत नाय. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मला डॉक्टरकी येत नाय. साखळी धरता येती."

आणि त्यातून हा पत्रांचा धंदा निघाला.

दिवाळीत आपल्याकडे पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात. पोतं, दगड, चिखल, वर अळीव पेरून हिरवळ, आणि मातीचे मावळे. काकांनी काय केलं, तर 'दप्तरगड' नावाचा एक नसलेला किल्ला काढला आणि स्वतः त्याचे किल्लेदार झाले. पोरांनी आपल्या किल्ल्याची माहिती किल्लेदारांना पत्रानं कळवायची: किल्ल्याचं नाव, मावळे किती, पाणी किती, शत्रू कोण. किल्लेदार प्रत्येकाला हातानं लिहिलेलं, लाखेची मोहोर लावलेलं उत्तर पाठवणार. आईबाप पैसे भरून फोनवर नाव नोंदवायचे, पुण्याहून, मुंबईहून, परदेशातूनसुद्धा. सगळं घर कामाला. मुलगा पाकिटं करायचा, सून पत्ते लिहायची, काकू मेणबत्तीवर लाख वितळवून मोहोर मारायच्या आणि बोटं भाजून घ्यायच्या, ओवी आलेली पत्रं वहीत उतरवून घ्यायची. कागद-टपालाचा खर्च सोडला तर उरेल ते सगळं मुलांच्या मधुमेहावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. माझं अक्षर वळणदार, हा माझा गुन्हा. त्यामुळे मी किल्लेदारांची मुन्शी. काका मजकूर सांगायचे, मी लिहायचे. कधी कधी त्यांचा मजकूर फारच सरकारी वाटला तर मी आपल्या पदरचं एखादं वाक्य घालायचे, आणि काका ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

ज्या पोरांच्या घरून कुणी नाव नोंदवणार नाही त्यांच्यासाठी काकांनी शहागंजातल्या मावळे विकणाऱ्या एका दुकानात पत्र्याचा डबा ठेवला होता. तिथं पोरं पत्र टाकायची आणि चार दिवसांनी येऊन उत्तर घेऊन जायची. फुकट. या पत्रांवर पत्ता नसायचा. पण एक नियम त्यांनाही सुटलेला नव्हता. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: चतुःसीमेशिवाय उत्तर मिळणार नाही. सूर्याकडे तोंड करून उभे राहावे, समोर ती पूर्व, पाठीमागे पश्चिम, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. किल्ल्याच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावे.

यावरून मी काकांशी चांगली कडाकडा भांडले होते. सात वर्षांच्या पोराला चतुःसीमा कशाला हव्यात? त्याला मावळ्यांचं लिहायचंय. काका ढिम्म. मी त्यांना तोंडावर हेकट म्हणाले. ते म्हणाले, व्हय.

त्या दिवाळीत डब्यातून सानिका नावाच्या मुलीचं पत्र आलं. ते मला पाठ आहे. 'माझ्या किल्ल्याचे नाव सानिकागड. मावळे अकरा, एकाचा हात तुटला. पाणी एक टाकं. ते मीच पिते म्हणून रोज संपतं. रात्री पण उठून पिते आणि सारखी शू लागते. शत्रू मुंग्या. मोरीत लई येतात. किल्लेदारांनी फौज पाठवावी. माझा नवा ड्रेस ढगळ झाला.' खाली चतुःसीमा, अगदी नियमानं.

आम्ही हसलो. मी आणि काका, दोघंही. मुंग्यांची फौज आम्हाला फार आवडली. काकांनी ऐटीत मजकूर सांगितला, की मुंग्यांवर हळदीचा मारा करावा, तुटक्या हाताच्या मावळ्यास दरवाजावर नेमावे. आणि मी आपल्या पदरचं वाक्य घातलं: 'एवढे पाणी पिणारा गडकरी आमच्या दप्तरी दुसरा नाही. शाबास.' मोहोर लागली, पत्र शहागंजात गेलं.

ज्या घरात आठ वर्षं हा आजार नांदत होता, त्या घरात हे झालं. आम्ही किल्ल्यात इतके शिरलो होतो की तहान आम्हाला किल्ल्याची वाटली आणि मुंग्या शत्रू वाटल्या.

ओवी भाऊबीजेला जालन्याला आजोळी गेली होती. ती दोन दिवसांनी परत आली आणि दुपारी आठवडाभर साचलेली पत्रं वहीत उतरवायला बसली. मी मोहोर मारलेली पाकिटं पुसत होते, काका टेबलाशी पेन्सिलीला टोक करत होते. ओवीनं मान वर न करता विचारलं, "आजोबा, हिच्या मोरीतच का येतात मुंग्या?"

"गोड सांडलं असंल," काका म्हणाले.

"आपल्याकडं बी आल्या होत्या. मला काय झालंय ते कळायच्या आधी." मग तिनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, ही माझ्यासारखी आहे."

या आजारात साखर लघवीतून जाते, म्हणून तिथं मुंग्या लागतात. तहान थांबत नाही. अंग वाळतं, कपडे ढगळ होतात. सगळं पोरीनं आपल्या हातानं लिहून कळवलं होतं. वेळेवर इन्सुलिन मिळालं नाही तर अशी मुलं हातची जातात, हेही त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पत्र येऊन आठवडा होत आला होता. काका म्हणाले, "मी वाचलं व्हतं. दोनदा वाचलं." एवढंच बोलून ते चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

ओवीनं तिचं साखर तपासायचं यंत्र घेतलं, आम्ही रिक्षा केली आणि आधी शहागंज गाठलं. आमचं उत्तर त्या डब्यात तसंच पडून होतं. दुकानदार म्हणाला, "वो बच्ची? आई नहीं साब. रोज आती थी, पूछती थी. चार दिन से नहीं आई. चिठ्ठी यहींच पडी है." घर कुठं, ते त्याला माहीत नव्हतं. शाबास लिहिलेलं ते पाकीट काकांनी खिशात घातलं.

मग त्यांनी सानिकाचं पत्र गुडघ्यावर पसरलं. उत्तरेस लिंबाखाली इस्त्रीवाले काका. पूर्वेस पिठाची गिरणी. दक्षिणेस रूळ, पलीकडे छोटं स्टेशन. पश्चिमेस निळा पत्रा. "छोटं स्टेशन म्हणजे मुकुंदवाडी," काका रिक्षावाल्याला म्हणाले. "रूळ दक्षिणेला म्हणजे घर रुळाच्या उत्तरेला. चल."

रुळाच्या उत्तरेला आम्ही गल्ली न् गल्ली पालथी घातली. गिरणी सापडली, पण तिच्याजवळ लिंब नाही. निळा पत्रा सापडला, तर त्याच्यामागे भंगाराचं गोदाम. सानिका नावाच्या दोन मुली निघाल्या, दोघी ठणठणीत, एक तर सायकलवर. दुपार कलायला लागली. मी रडकुंडीला आले होते आणि मनातल्या मनात काकांच्या चतुःसीमेला शिव्या देत होते, की पोरीला साधा पत्ता लिहायला सांगितला असता तर काय बिघडलं असतं.

काका रस्त्याच्या मध्ये उभे राहिले. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. ओवीला त्यांनी विचारलं, पोरगी पत्र कधी लिहीत असंल? ओवी म्हणाली, सुट्टीत दिवसभर किल्लाच करतात सगळे, लिहितात संध्याकाळी. काकांनी कपाळाला हात लावला. सूर्याकडे तोंड करून उभं राहावं, समोर ती पूर्व, असं डब्यावर त्यांनीच लिहिलं होतं. सकाळी, हा शब्द लिहायचा राहिला होता. पोरगी संध्याकाळच्या सूर्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सांगितलं तसंच लिहिलं. काकांनी हातातला कागद फिरवून उलटा धरला. रूळ वर गेले. "रुळाच्या दक्षिणेला," ते म्हणाले. "पळा."

फाटक ओलांडून पाचव्या मिनिटाला लिंब दिसला, त्याच्याखाली इस्त्रीची गाडी. घराच्या दारात मातीचा किल्ला होता, अळीव वाळून पिवळे पडले होते. आत चटईवर सानिका पडली होती. डोळे खोल, श्वास भराभरा चाललेला, आणि त्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. आई तिला चमच्यानं लिंबाचं सरबत पाजत होती. तीन अनोळखी माणसं दारात बघून ती घाबरली. "पित्त झालंय म्हणले," ती आम्हाला सांगत सुटली, "दोन दिसापासून उलट्या हायत. साखरपाणी द्या म्हणले. तुम्ही कोण?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून ठणकावून बोललेला हा माणूस. काका कसंबसं म्हणाले, "मी किल्लेदार."

सानिकानं डोळे उघडले. ओवी तिच्याजवळ खाली बसली. आधी तिनं स्वतःच्या बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा सानिकाच्या आईला दाखवला, आणि मग म्हणाली, "मावशी, मला पण हेच आहे. आता हिचं बघू द्या." सानिकाच्या बोटातला थेंब यंत्रात गेला. आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मापाबाहेर गेली की ते आकडा सोडून नुसती दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं. काकांनी ती अक्षरं बघितली, वाकले, आणि पोरीला उचलून रिक्षाकडे निघाले. त्यांच्या वयाला ते झेपणारं नव्हतं. झेपलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी हात चालवले, मग बोलल्या. म्हणाल्या, आज आणलंत ते बरं केलंत. सानिकाच्या आईचा हात ओवीनं धरून ठेवला होता. काका वऱ्हांडा पावलांनी मोजत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नर्स साखरेचा नवा आकडा सांगायची तो ते खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर लिहायचे. कुठलं पाकीट ते माझ्या नंतर लक्षात आलं. आत माझं शाबास आणि बाहेर उतरत जाणारे आकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, धोका टळला, पोरगी खायला मागतेय. मी जिन्यात बसून हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. मग समोरच्या गाड्यावर जाऊन आम्ही दोघांनी भजी खाल्ली, एक प्लेट, दुसरी प्लेट. काकांनी भजी मोजली नाहीत. मी त्यांना म्हणाले, शाबास मी लिहिलं होतं. ते म्हणाले, "हसलो दोघं ना? मग बांध सामाईक हाय. अर्धा तुझा, अर्धा माझा." त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मला त्याची गरजही पडली नाही.

पुढच्या वर्षापासून दप्तरगडच्या पत्रांत बदल झाला. कुणी तहानेचं, वाळल्याचं, मुंग्यांचं लिहिलं तर ते पत्र उत्तराच्या गठ्ठ्यात न जाता ओवीच्या हातात जायचं. डब्यावरच्या सूचनेत 'सकाळी' हा शब्द लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून आला. चतुःसीमा मात्र सक्तीच्याच राहिल्या, आणि त्यावरून मी पुन्हा भांडले नाही.

मी पुण्याला बदलून जायच्या आधीची ती शेवटची दिवाळी. शहागंजच्या डब्यातून सानिकाचं पत्र आलं. काकांनी ते मलाच वाचायला लावलं. 'सानिकागड पुन्हा बांधला. मावळे सतरा. मुंग्या आल्या नाहीत. सुई मी स्वतः घेते, ओवीताईनं शिकवलं. टाक्यात आता पाणी उरतं.' खाली चतुःसीमा होत्या. उत्तरेस इस्त्रीवाले काका. पूर्वेस गिरणी. पश्चिमेस निळा पत्रा. दक्षिणेस रूळ, आणि रुळापलीकडे किल्लेदार आजोबांचं घर.

सगळं उलटं होतं. पोरीनं लाल शाईकडे ढुंकूनही न बघता पुन्हा संध्याकाळीच लिहिलं होतं. आमचं घर तिच्या उत्तरेला. चुकीची दिशा हा माणूस खपवून घेत नसे. कुणा पोराचा नकाशा चुकला तर तो लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत जायचा. काकांनी पेन्सिल उचलली, टोक कागदावर आणलं. मग पेन्सिल कानामागे खोचली, खणातून मोजणी मान्य झाली की मारायचा तो नोकरीतला जुना रबरी शिक्का काढला, त्यावर दोनदा फुंकर घातली आणि सानिकाच्या चतुःसीमेवर नीट, सरळ रेषेत उमटवला: हद्द कायम.